अठरा जीबीचं गेमप्ले रेकॉर्डिंग आटोक्यात कसं आणायचं

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं छोटं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म आणि लग्नसराईत व्हिडिओचं काम. दोन-तीन वर्षांपासून दुकानात नवीनच गिऱ्हाईक यायला लागलं आहे: गेम खेळून त्याचे व्हिडिओ टाकणारी पोरं. दिवाळीच्या सुट्टीत असाच एकजण आला. हातात ६४ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह, पाठीवर भावाचा जुना लॅपटॉप.

"भाऊ, हे फाइल पेनड्राइव्हमंदी जाऊनच नाही रायली."

फाइल होती १८ जीबीची. पेनड्राइव्ह रिकामा, तरी विंडोज म्हणत होतं की फाइल फार मोठी आहे. त्याला वाटलं पेनड्राइव्ह नकली निघाला. पेनड्राइव्ह चांगला होता, फक्त तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. त्या पद्धतीत एकटी एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, मग जागा कितीही असो. पेनड्राइव्हवर उजवं बटण दाबून फॉरमॅटमध्ये एक्सफॅट निवडलं की हे बंधन जातं. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी कॉपी काढून ठेवा. काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, तेही ध्यानात असू द्या.

पण पेनड्राइव्ह सुधारला तरी १८ जीबी ते १८ जीबीच. हे यूट्यूबवर चढवायचं कसं? गावात अपलोडचा वेग ४ मेगाबिट मिळाला तरी १८ जीबीला दहा तास लागतात. आणि रोजचा २ जीबीचा रिचार्ज असेल तर नुसत्या डेटाच्या हिशेबाने नऊ दिवस. म्हणून फाइल दाबणं, म्हणजे कॉम्प्रेस करणं, आपल्याकडच्या पोरांना यायलाच पाहिजे. शहरात फायबर असलेल्याचं एक वेळ चालून जातं, आपलं चालत नाही.

फाइल एवढी फुगते काहून

याचा हिशेब एकदा समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले तर एक चित्र ६.२ एमबीचं होतं. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे सेकंदाला ३७३ एमबी आणि मिनिटाला २२ जीबी. एवढं कोणत्याच साध्या हार्डडिस्कला झेपत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर तिथल्या तिथे फाइल दाबतच असतं. त्या पोराची १८ जीबीची फाइल पूर्ण एका तासाची होती. म्हणजे ती आधीच पंचाहत्तर पट दाबली गेलेली होती.

दाबतात कसं, तर किराणा दुकानदार उधारीची वही लिहितो तसं. तो रोज तुमचं सगळं खातं पहिल्यापासून लिहीत नाही. पानाच्या वर 'मागील बाकी' लिहितो आणि खाली फक्त आज काय नेलं ते. व्हिडिओतही काही काही चित्रं पूर्ण लिहिलेली असतात, त्यांना कीफ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांमध्ये फक्त आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं एवढंच लिहिलेलं असतं. पान उलटलं की पुन्हा मागील बाकी, म्हणजे पुढची कीफ्रेम.

यावरून एक गोष्ट आपोआप कळते. ज्या गेममध्ये चित्र कमी बदलतं, त्याची फाइल सहज लहान होते. माइनक्राफ्टमध्ये खाणीत बसून खोदत असाल तर भिंत तीच, कुदळ तेवढी हलते. पण बीजीएमआयसारख्या गोळीबाराच्या गेममध्ये गवतातून पळताना पातं न् पातं हलतं. त्यात धूर सोडला, पाऊस लागला, गाडी वेगात वळवली की जवळजवळ प्रत्येक ठिपका बदलतो आणि वही भरभर भरते. म्हणून मित्राने सांगितलेला आकडा तुमच्या गेमला लागू पडेलच असं नाही.

सेकंदाला किती माहिती लिहिली जाते त्याला बिटरेट म्हणतात आणि तो मेगाबिटमध्ये मोजतात. फाइलचा आकार काढायचं सूत्र तोंडपाठ करून ठेवा: बिटरेट गुणिले सेकंद, भागिले ८, उत्तर एमबीमध्ये. ४० मेगाबिटने तासभर, म्हणजे ४० गुणिले ३६०० भागिले ८, बरोबर १८,००० एमबी. तेच ८ मेगाबिटने केलं तर ३,६०० एमबी. फाइलचं वजन ठरतं ते बिटरेट आणि वेळ या दोनच गोष्टींनी. लॅपटॉप जुना म्हणून फाइल मोठी होत नाही.

जे करू नका

फाइल झिप किंवा रार करून लहान होत नाही. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, झिप केल्यावर त्यातून एखादा टक्का निघाला तर निघाला. फाइलच्या नावाचं शेपूट बदलून एमकेव्हीचं एमपी४ केल्यानेही आत काही बदलत नाही. आणि 'ऑनलाइन कन्व्हर्टर' म्हणणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. तिथे आधी पूर्ण फाइल चढवावी लागते. तेवढा डेटा असता तर फाइल दाबायची गरजच पडली नसती.

आधी फाइलची चौकशी

फाइलवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, डिटेल्स. एमपी४ असेल तर तिथेच रुंदी, उंची, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) आणि एकूण बिटरेट दिसतो. एमकेव्ही असेल तर बरेचदा तिथे काही दिसत नाही. मग मीडियाइन्फो नावाचं लहानसं फुकट सॉफ्टवेअर टाका. फाइल त्यात ओढून सोडली की सगळी कुंडली समोर येते. त्यात चार गोष्टी वहीवर लिहून घ्या: रिझोल्यूशन (म्हणजे रुंदी-उंची), फ्रेम रेट, बिटरेट आणि आवाजाचे ट्रॅक किती. शेवटची गोष्ट का म्हणतो ते पुढे सांगतो, तिथे माझ्या हातून एकाचं नुकसान झालेलं आहे.

मोबाइलवरून केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग असेल तर फ्रेम रेटच्या जागी 'व्हेरिएबल' लिहिलेलं दिसेल. म्हणजे फोनने कधी सेकंदाला ६० चित्रं घेतली, कधी ४१, जशी ताकद मिळाली तशी. अशी फाइल एडिटिंगला घेतली की सुरुवातीला आवाज जुळतो आणि वीस मिनिटांनी गोळी आधी दिसते, आवाज मागून येतो. त्यावर इलाज आहे, तो पुढे हँडब्रेक या फाइल दाबायच्या सॉफ्टवेअरच्या भागात येईल.

फालतू भाग आधी काढून टाका

ही पायरी बहुतेकजण गाळतात, पण हिच्यात बरीच जागा वाचते. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये लॉबीत थांबणं, मित्र यायची वाट पाहणं, आईने हाक मारली म्हणून उठणं, यातच वीस-पंचवीस मिनिटं जातात. ती दाबत बसण्यापेक्षा कापून टाका.

कापायला लॉसलेसकट वापरा, तेही फुकट आहे. त्यात व्हिडिओ नव्याने बनत नाही, हवा तो तुकडा जसाच्या तसा उचलला जातो. त्यामुळे चित्राची प्रत तसूभरही घटत नाही आणि जुन्या लॅपटॉपवरही काम लवकर उरकतं. फक्त तुकडा कीफ्रेमपासूनच नीट सुरू होतो. मागील बाकीशिवाय पुढचा हिशेब लागत नाही, तसंच हे. म्हणून हव्या त्या जागेच्या दोन-चार सेकंद आधी कापा.

हँडब्रेक

दाबायचं काम मी हँडब्रेकने करतो. लग्नाचे व्हिडिओ मी कितीतरी वर्षांपासून त्यातच काढतो. ते फुकट आहे, कोड सगळ्यांना खुला आहे, व्हिडिओवर कसला शिक्का मारत नाही आणि एकदा टाकलं की नेट लागत नाही. उतरवताना हँडब्रेक डॉट एफआर या त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, शोधात वर दिसणाऱ्या दुसऱ्या साइटींवरून नको. विंडोजवर ते चालायला मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट डेस्कटॉप रनटाइम लागतं. नसेल तर हँडब्रेकच ते मागतं, घाबरू नका.

उघडल्यावर फाइल खिडकीत ओढून सोडा. ती वाचून झाली की वर प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग दिसेल, बहुधा 'फास्ट १०८०पी३०'. नवीन माणूस इथेच फसतो. शेवटचा ३० म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३० चित्रं. तुमचं रेकॉर्डिंग ६० चं असेल तर निम्मी चित्रं गुपचूप गळतात. गोष्टीच्या गेमला ३० चालून जातं, पण गोळीबाराच्या नाहीतर गाड्यांच्या गेममध्ये फरक डोळ्याला लगेच कळतो. प्रीसेट तोच ठेवा, पण व्हिडिओ टॅबमध्ये जाऊन फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स' करा. खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज मागे पडतो त्याचा इलाज हाच.

समरी टॅबमध्ये फॉरमॅट एमपी४ ठेवा. फोन, टीव्ही, एडिटिंग सॉफ्टवेअर, सगळीकडे चालतो.

आता एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबायचा ते. एच २६४ हे मानक २००३ चं आहे आणि दहा वर्षांच्या जुन्या फोनवरही चालतं. एच २६५ हे २०१३ चं. तेवढ्याच चित्राला बरीच कमी जागा घेतं, पण बनवायला वेळ जास्त लागतो आणि जुन्या टीव्हीवर अडकतं. २०१८ चं एव्ही१ त्याहून पुढचं आहे, पण साध्या आय३ लॅपटॉपवर तूर्त त्याच्या वाटेला जाऊ नका. व्हिडिओ कोणाला द्यायचा असेल, चढवायचा असेल तर एच २६४ घ्या. स्वतःच्या हार्डडिस्कवर वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर एच २६५.

त्याच यादीत क्यूएसव्ही, एनव्हीएनसी अशी नावं दिसली तर तुमच्या मशीनमध्ये व्हिडिओ बनवायचा वेगळा हार्डवेअर भाग आहे. पहिलं इंटेलचं, दुसरं एनव्हिडियाच्या कार्डचं. यांनी काम कितीतरी लवकर होतं आणि प्रोसेसर तापत नाही. मात्र तेवढ्याच चित्राला फाइल थोडी मोठी येते. जुना लॅपटॉप आणि बाहेर ऊन असेल तर मी बिनधास्त क्यूएसव्ही घेतो. दहा टक्के जागा जास्त गेलेली परवडते, मशीन बंद पडलेली परवडत नाही.

आरएफ: खरी किल्ली

व्हिडिओ टॅबमध्येच 'कॉन्स्टंट क्वालिटी' आणि तिच्याखाली सरकणारा आरएफ आकडा आहे. आकडा लहान तर चित्र चांगलं आणि फाइल मोठी, आकडा मोठा तर उलटं. नवीन पोरांच्या डोक्यात हे बरेचदा उलटं बसतं, म्हणून दोनदा वाचा. एच २६४ ला आकडा साधारण ६ ने वाढवला की फाइल जवळपास निम्मी होते.

शेजारी 'ॲव्हरेज बिटरेट' असाही पर्याय आहे. त्यात आकार आधीच ठरवता येतो म्हणून नवीन माणसाला तो बरा वाटतो. मी तो घेत नाही. आरएफमध्ये सॉफ्टवेअर प्रसंग पाहून खर्च करतं, मेनू उघडा असताना कमी आणि धुरात जास्त. ठराविक बिटरेटमध्ये सगळा हिशेब त्या एका आकड्यात बसवावा लागतो. तो कमी धरला गेला तर धुराच्या वेळी चित्राचे चौकोन पडतात, नेमकं मारामारीच्या क्षणी.

फुल एचडीला हँडब्रेकवालेच २० ते २४ सांगतात आणि ते बरोबर आहे. माझं गणित असं. यूट्यूबला चढवायचं असेल तर २०, फार तर २१. यूट्यूब तुमची फाइल स्वतः पुन्हा दाबतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षर पुसट होतं, म्हणून त्यांच्या हातात पहिली प्रत चांगली पडली पाहिजे. यूट्यूबने स्वतः फुल एचडीला ३० फ्रेमसाठी ८ मेगाबिट आणि ६० फ्रेमसाठी १२ मेगाबिट सुचवले आहेत. तुमची फाइल त्या आसपास आली तर रास्त समजा. हार्डडिस्कवर ठेवायला २३. मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डायमेन्शन्समध्ये जाऊन ७२० पी करा आणि फ्रेमरेट ३०. ७२० मध्ये ठिपके निम्म्याहून कमी होतात आणि फोनच्या पडद्यावर ते कळत नाही. तिथे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. नुसता व्हिडिओ म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप त्याला पुन्हा दाबतं.

खाली 'एन्कोडर प्रीसेट' नावाची आणखी एक पट्टी आहे, फास्ट, मीडियम, स्लो अशी. स्लो केलं की मशीन जास्त विचार करून दाबते आणि तेवढ्याच चित्राला फाइल लहान येते. जुन्या मशीनवर फास्ट किंवा व्हेरीफास्ट ठेवा. रात्रभर वेळ असेल तर मीडियम. त्यापुढे वेळ वाढतो तेवढा फायदा वाढत नाही.

आवाजाचा टॅब, इथे थांबा

मागच्या उन्हाळ्यात एकजण त्याचं रेकॉर्डिंग घेऊन आला होता. दीड तास, त्यात त्याची स्वतःची कॉमेंट्री. तो वऱ्हाडीत बोलतो, गाडी उलटली की "आता काय करतं बावा" म्हणतो, आणि त्या बोलण्यासाठीच लोक त्याचे व्हिडिओ पाहतात. खेळ तर सगळेच खेळतात. मी फाइल दाबून दिली, चित्र दोन ठिकाणी पाहिलं, गेमचा आवाज येत होता. त्याच्या डिस्कवर जागा नव्हती म्हणून जुनी फाइल तिथेच उडवली. संध्याकाळी फोन आला.

"भाऊ, माहा आवाज कुठी गेला?"

त्याने ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गेमचा आवाज पहिल्या ट्रॅकवर आणि माइकचा दुसऱ्या ट्रॅकवर ठेवला होता, एडिटिंगला सोपं जावं म्हणून. हँडब्रेकने नेहमीप्रमाणे पहिलाच ट्रॅक घेतला. दुसरा माझ्याकडून बघायचा राहिला. मूळ फाइल गेली होती आणि ते बोलणं पुन्हा तसं येत नसतं. तो काही बोलला नाही, पण मला ते अजून लागून आहे.

म्हणून ऑडिओ टॅब उघडा. मीडियाइन्फोमध्ये जेवढे ट्रॅक लिहून घेतले होते तेवढे इथे आहेत का ते मोजा. कमी असतील तर ट्रॅक्सच्या बटणातून 'ॲड ऑल रिमेनिंग ट्रॅक्स' निवडा. आवाज दाबायच्या भानगडीत पडू नका. १६० किलोबिटचा आवाज तासाला ७२ एमबी घेतो. १८ जीबीच्या फाइलमध्ये त्याची कंजुषी करून हातात काही येत नाही.

आणखी एक. यूट्यूबवर फाइलमधला पहिलाच ट्रॅक ऐकू येतो आणि हँडब्रेक दोन ट्रॅक कालवून एक करत नाही. एडिटिंग न करता थेट चढवणार असाल तर रेकॉर्डिंग करतानाच पहिल्या ट्रॅकवर गेम आणि माइक दोन्ही पाहिजेत. ओबीएसमध्ये एडिट मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज' आहे, तिथे प्रत्येक आवाजापुढे सहा चौकटी असतात. पहिल्या चौकटीत दोघांनाही टिक करा. मग दुसऱ्यावर फक्त गेम आणि तिसऱ्यावर फक्त माइक ठेवा. आउटपुटच्या रेकॉर्डिंग भागातही तिन्ही ट्रॅकना टिक असलं पाहिजे. म्हणजे थेट चढवायचं असो की एडिट करायचं असो, दोन्ही जमतं.

तीस सेकंदांची चाचणी

पूर्ण फाइल कधीच थेट लावू नका. वर 'रेंज' आहे, तिथे चॅप्टर्सऐवजी सेकंद निवडा आणि तुमच्या गेममधला सगळ्यात धांदलीचा अर्धा मिनिट द्या. धूर, गवत, गाडी, जे असेल ते. शांत लॉबीचा तुकडा घेऊन केलेली चाचणी फसवते. खाली 'सेव्ह ॲज'मध्ये नाव आणि जागा देऊन 'स्टार्ट एन्कोड' दाबा.

यातून तीन गोष्टी कळतात. चित्र कसं आलं ते पूर्ण पडद्यावर पाहा, अंधारे कोपरे आणि गवत खास करून. बारीक पाती एकमेकांत मिसळून हिरवा लगदा दिसायला लागला तर आरएफ दोनने खाली आणा. दुसरं, आकार. ३० सेकंदांचे ४० एमबी झाले तर तासाचे १२० पट, म्हणजे ४.८ जीबी. हा सगळ्यात जड तुकडा आहे, त्यामुळे पूर्ण फाइल याहून थोडी कमीच भरेल. तिसरं, वेळ. चालू असताना खाली सरासरी वेग एफपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रं झाली असा, दिसतो. ६० फ्रेमच्या तासाभराच्या व्हिडिओत २,१६,००० चित्रं असतात. मशीन सेकंदाला ३० करत असेल तर दोन तास, १० च करत असेल तर सहा तास. मग त्याप्रमाणे दिवसा लावायचं की रात्री, ते ठरवा.

त्या दिवाळीवाल्या पोराच्या फाइलमधून आम्ही आधी लॉबीची बावीस मिनिटं कापली. मग २१ आरएफवर चाचणी घेतली, गवत ठीक दिसलं, अंधाऱ्या घरात जिन्याखाली थोडे चौकोन पडत होते. २० केलं, ते गेले. पूर्ण फाइल साडेतीन जीबीच्या आत बसली. दोन रात्रींच्या डेटात चढली.

चाचणी झाली की रेंज पुन्हा पूर्ण करायला विसरू नका. बऱ्याच जणांची रात्र जाते आणि सकाळी अर्ध्या मिनिटाचीच फाइल मिळते.

ऊन, कापूस आणि लाइट

व्हिडिओ दाबताना प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ पर्यंत चढतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. अशा दुपारी लॅपटॉप आधी वेग कमी करतो आणि तरीही नाही झालं तर बंद पडतो. हे काम रात्री दहानंतर लावा. लॅपटॉप गादीवर, रजईवर नको, लाकडी पाटावर ठेवा म्हणजे खालून हवा घेता येते. कूलरच्या झोतासमोर अजिबात ठेवू नका. ती हवा थंड असते पण ओली असते, काही वेळा बारीक थेंबही येतात. कूलर खोलीत चालू द्या, लॅपटॉप बाजूला.

दुसरं, कापूस. भाव चढेल म्हणून आपण घरातच कापूस भरून ठेवतो आणि लॅपटॉप त्याच खोलीत असतो. तो बारीक तंतू पंख्यात जाऊन जाळीला चिकटतो. माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपच्या जाळीतून वातीएवढा पेळू निघाला होता. ती जाळी साफ करून पुन्हा तीच चाचणी लावली, तर मध्ये मध्ये थांबणारी मशीन एकदाही थांबली नाही. दरवर्षी कापूस विकून झाला की एकदा पंखा साफ करून घ्या.

आणि लाइट. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली तर तोवर झालेलं कामही उघडत नाही. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर लावा. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर प्रश्न नाही, पण विंडोजमध्ये स्लीप बंद करा. नाहीतर पंधरा मिनिटांनी मशीनच झोपी जाते. एका फाइलऐवजी चार तुकडे करून 'ॲड टू क्यू'ने रांगेत लावले तर लाइट गेल्यावर एकच तुकडा वाया जातो. काम संपलं की मशीन आपोआप बंद व्हावी, अशी सोयही 'व्हेन डन'मध्ये आहे.

पुढच्या वेळी फाइल मुळातच लहान निघावी म्हणून

ओबीएसच्या सेटिंगमध्ये आउटपुट साधं असेल तर रेकॉर्डिंग क्वालिटीत 'हाय क्वालिटी, मीडियम फाइल साइज' घ्या. सगळ्यात खालचं 'लॉसलेस' चुकूनही नको, त्याच्यापुढे ओबीएसनेच 'प्रचंड मोठी फाइल' असा इशारा लिहून ठेवला आहे. ॲडव्हान्स्ड मोड असेल तर रेट कंट्रोल सीक्यूपी आणि आकडा २० ते २३. हा आकडाही आरएफसारखाच, लहान म्हणजे भारी.

फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली, गेम अडकला, तरी तोवरचं एमकेव्ही उघडतं. साधं एमपी४ त्याच वेळी हातचं जातं. नंतर एमपी४ हवं असेल तर ओबीएसच्याच फाइल मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' आहे. त्यात फक्त डबा बदलतो, आतला माल तोच राहतो, म्हणून तासाभराची फाइलही लगेच होते. कन्व्हर्ट करणं आणि दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तो फरक इथे नीट कळतो. नुसता फॉरमॅट बदलायचा असेल तर हँडब्रेक लावून रात्र घालवायची काही गरज नाही.

जुनी फाइल उडवण्याआधी

नवीन फाइल पहिल्या मिनिटाला, मध्ये कुठेतरी आणि शेवटच्या मिनिटाला उघडून पाहा. एकूण वेळ जुन्या फाइलइतकाच (भाग कापले असतील तर कापलेल्या फाइलइतकाच) आहे का ते बघा. शेवटच्या मिनिटाला गोळीचा आवाज आणि चित्र जुळतं का तेही बघा, कारण घसरण असेल तर ती शेवटीच दिसते. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ऑडिओ मेनूतल्या ऑडिओ ट्रॅकमध्ये जा, हेडफोन लावा आणि प्रत्येक ट्रॅक एकेक करून ऐका. ज्याचा व्हिडिओ आहे त्यालाच ऐकायला लावा, मी आता तसंच करतो. तो मान हलवेपर्यंत जुनी फाइल जागच्या जागी राहते. त्याने हो म्हटलं की उडवा आणि रिसायकल बिनही रिकामं करा, कारण तोवर डिस्कवरचे ते १८ जीबी सुटत नाहीत.